शून्यलब्धि

६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' पत्राचा पहिला अंक मुंबईंत निघाला, आणि त्या एका घटनेनें बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर ह्यांचें नांव मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. दरवर्षीं त्या दिवशीं त्यांचें स्मरण होतें, त्यांच्या तसबिरीस हार पडतो; देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें ह्या त्यांच्या गांवीं त्यांचें स्मारकहि उभें आहे. हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु थोर पुरुषाच्या एका कीर्तीच्या छायेंत त्याचीं दुसरीं कामें झांकून जातात, असा जो नेहमींचा अनुभव, त्यास बाळशास्त्रीहि अपवाद नाहींत. त्यांच्या ग्रंथांच्या यादींत व्याकरण, भूगोल, नीतिकथा, इंग्लंड देशाची बखर इत्यादि नांवांच्या पंक्तींत 'शून्यलब्धिगणित' असें एक नांव येतें. वाचणारा तें वाचतो आणि पुढें जातो. इंग्रजींत ज्यास डिफरन्शिअल कॅल्क्युलस म्हणतात, त्या शास्त्रावरील हें मराठी पुस्तक होय. आज बारावीच्या वर्गांत जें गणित शिकतांना मुलांस घाम फुटतो, तें एका कोंकणी शास्त्र्यानें पावणेदोनशें वर्षांपूर्वींच मराठींत आणिलें, ही गोष्ट थोडें थांबून विचार करण्यासारखी आहे. त्या नांवांतच हें गणित कसें शिकवावें ह्याची खूण आहे, असें आम्हांस वाटतें. ती खूण मध्यंतरीं पुसली गेली; तिच्या पुसण्यानें आमच्या मुलांचें काय नुकसान झालें, हें पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालचा. वडील गंगाधरशास्त्री हे पुराणिक. घरची विद्या अर्थात् संस्कृत. लहान वयांतच बाळशास्त्री मुंबईस आले आणि बापू छत्रे ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्या आश्रयानें इंग्रजी विद्या शिकले. छत्रे हे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे देशी चिटणीस होते. ती जागा पुढें बाळशास्त्र्यांकडेच आली. देशी भाषांतून शाळेचीं पुस्तकें करविणें हें ह्या सोसायटीचें मुख्य काम होतें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्या लष्करी इंजिनिअरानें पंडितांच्या साहाय्यानें विलायती ग्रंथांच्या आधारें गणिताचीं मराठी पुस्तकें त्यापूर्वींच तयार केलीं होतीं. म्हणजे पायाचे दगड बसले होते, पुढची भिंत चढवावयाची होती. १८३४ त बाळशास्त्री एल्फिन्स्टन विद्यालयांत दुय्यम प्राध्यापक झाले. त्या पदावर बसणारे ते पहिलेच एतद्देशीय गृहस्थ. ऑर्लिबार साहेब तेथें गणित व सृष्टिशास्त्र ह्यांचे मुख्य अध्यापक होते. कुलाब्याच्या वेधशाळेचें कामहि बाळशास्त्र्यांनीं पाहिलें. त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत दादाभाई नवरोजी होते. १८५५ त विलायतेस जाण्यापूर्वीं दादाभाई त्याच संस्थेंत गणित शिकवीत होते. मे १८४६ मध्यें बाळशास्त्री वारले. चौतीस वर्षांच्या आयुष्यांत पत्रकार, वैयाकरण, शिलालेखांचे वाचक, 'ज्ञानेश्वरी'च्या शिळाप्रतीचे संपादक आणि गणिताचे अध्यापक अशा इतक्या भूमिका त्यांनीं पार पाडल्या.

त्यांच्या ह्या गणितग्रंथाचें मोल समजण्यास त्या वेळीं खुद्द युरोपांत ह्या शास्त्राची काय स्थिति होती तें पाहिलें पाहिजे. न्यूटन आणि लायब्निट्स ह्यांनीं सतराव्या शतकांत हें शास्त्र उभें केलें. परंतु त्याचा पाया पक्का नाहीं, अशी ओरड लवकरच सुरू झाली. १७३४ त बिशप बर्क्ले ह्यानें गणित्यांस पेंचांत धरिलें. तुम्ही जी अतिसूक्ष्म वाढ धरतां ती शून्य आहे कीं नाहीं? नसेल, तर शेवटीं ती टाकून कशी देतां? असेल, तर आरंभीं तिनें भागितां कसें? ह्या त्याच्या आक्षेपास सरळ उत्तर त्या वेळीं कोणापाशीं नव्हतें. १७५५ च्या ग्रंथांत ऑयलरनें त्या राशींस शून्यच मानिलें आणि त्या शून्यांचें परस्परांशीं जें गुणोत्तर, तोच ह्या शास्त्राचा विषय असें सांगितलें. १८२१ त फ्रान्समध्यें कोशी ह्यानें सीमेची कल्पना पुढें आणून ह्या इमारतीस नवा पाया घातला. इंग्लंड तर ह्या बाबतींत बरेंच मागें होतें. न्यूटनच्या अभिमानानें केंब्रिजचे पंडित त्याच्याच जुन्या चिन्हांना चिकटून राहिले होते. १८१२ त, म्हणजे बाळशास्त्र्यांच्या जन्मवर्षींच, बॅबेज, हर्शेल व पीकॉक ह्या तरुण विद्यार्थ्यांनीं मंडळी स्थापून नव्या पद्धतीची चळवळ आरंभिली आणि १८१६ त लाक्रवा ह्या फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर छापिलें. तात्पर्य, केंब्रिजनें जें शास्त्र नव्यानें मांडावयास घेतलें, तें पुरें एक पिढी लोटते न लोटते तोंच मराठींत उतरूं लागलें होतें.

आतां त्या नांवाकडे वळूं. लब्धि म्हणजे भागाकाराचें फळ. लीलावतीच्या काळापासून हा शब्द आमच्या गणितांत रुळलेला आहे. तेव्हां शून्यलब्धि ह्याचा अर्थ आम्ही असा करितों: दोन राशि शून्याकडे जात असतां त्यांच्या भागाकाराचें जें फळ हातीं लागतें, तें. इंग्रजी नांवांतून केवळ 'फरक' एवढाच बोध होतो. मराठी नांवांत मात्र हें शास्त्र करतें काय, हेंच सांगितलें आहे. ऑयलरच्या शून्यांच्या गुणोत्तराशीं त्याचें नातें तर सहज दिसतें. आणि बर्क्लेनें जेथें बोट ठेविलें, नेमक्या त्याच जागीं हें नांव विद्यार्थ्यास प्रथम उभें करितें: शून्याला शून्यानें भागिलें तर काय येईल? हा प्रश्न ज्याच्या मनांत एकदां उभा राहिला, त्यास ह्या शास्त्राचें दार उघडलें असें समजावें.

वाचकांपैकीं ज्यांचा गणिताशीं संबंध शाळेबरोबर सुटला असेल, त्यांच्यासाठीं एक उदाहरण देतों. कोंकणांत भाताच्या लहान शेतास कुणगा म्हणतात. एक चौरस कुणगा दहा हात लांब व दहा हात रुंद आहे. त्याचें क्षेत्रफळ शंभर चौरस हात. बाजू एक हातानें वाढविली तर क्षेत्रफळ १२१ होतें. वाढ २१, आणि तिला एकानें भागिलें तर लब्धि २१. बाजू एक दशांश हातानेंच वाढविली तर क्षेत्रफळ १०२.०१, वाढ २.०१, आणि तिला एक दशांशानें भागिलें तर लब्धि २०.१. एक शतांशानें वाढविली तर लब्धि २०.०१. दोन्ही वाढी शून्याकडे चालल्या आहेत, परंतु त्यांची लब्धि शून्याकडे जात नाहीं. ती वीस ह्या संख्येस येऊन मिळत आहे. वीसच कां? कुणग्याचें चित्र काढून पाहावें. वाढीव जमीन म्हणजे दोन बाजूंस लागलेल्या दोन अरुंद पट्ट्या आणि कोपऱ्यांतला एक चिमुकला चौकोन. पट्टी प्रत्येकी दहा हात लांब, म्हणून दोहोंची लांबी वीस. कोपऱ्यांतला तुकडा वाढ लहान होतांच इतक्या त्वरेनें लहान होतो कीं अखेरीस हिशोबांत त्यास स्थानच उरत नाहीं. वर्गाची शून्यलब्धि बाजूच्या दुप्पट, हा जो नियम मुलें पाठ करितात, त्याचें सगळें रहस्य ह्या दोन पट्ट्यांत आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर राहणारांस तर ह्या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग समुद्रच शिकवीत असतो. तिथीला पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हा हिशोब कोंकणांत जुना आहे. अष्टमीची भरती सहाच्या सुमारास, हें त्यावरून कळतें. येथें तिथि एकानें वाढली कीं वेळ पाऊण तासानें पुढें सरते. हा पाऊण कोणत्याहि तिथीस सारखाच, म्हणून येथें लब्धि एकच आणि स्थिर. परंतु पाण्याच्या उंचीचें तसें नाहीं. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा असा आहे कीं, भरतीच्या सुमारें सहा तासांत एकंदर चढीचे बारा भाग मानिले, तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चवथ्यांत तीन-तीन, पांचव्यांत पुन्हां दोन आणि सहाव्यांत एक. सिंधुदुर्गाच्या तटाशीं उभें राहून पाहणारास दिसतें कीं पाणी अर्ध्यावर असतां अतिशय झपाट्यानें चढतें, आणि भरती पुरी होतांना जणूं थबकतें. ज्या क्षणीं पाण्याची उंची सर्वांत अधिक, त्या क्षणीं तिच्या वाढीचा वेग शून्य. ओहोटीच्या तळालाहि तसेंच. कोणतीहि राशि परमोच्च किंवा नीचतम होते तेथें तिची शून्यलब्धि शून्य असते, हा सिद्धान्त होडीवाल्यास शब्दांनीं ठाऊक नसेल, पण त्याचा अर्थ तो रोज पाहत असतो.

ही कल्पना आमच्या ज्योतिष्यांसहि अपरिचित नव्हती. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या एका दिवसाच्या गतीहून त्याची तात्कालिक गति निराळी मानिली, ती काढण्याची रीत दिली, आणि ग्रहाचें फल जेथें परम होतें तेथें गतिफल शून्य होतें हेंहि सांगितलें. मालवणच्या भरतीचा जो न्याय, तोच येथें आकाशांत लागू केलेला आहे. काशीच्या संस्कृत विद्यालयांतील महाराष्ट्रीय गणिती बापूदेवशास्त्री ह्यांनीं १८५८ त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत लेख लिहून भास्कराचार्यांस ह्या शास्त्राचें तत्त्व अवगत होतें असें प्रतिपादिलें. त्यावर १८६० त स्पॉटिसवुड ह्या इंग्रज गणितज्ञानें आक्षेप घेऊन, साम्य विलक्षण असलें तरी ह्यास संपूर्ण शास्त्र म्हणतां येणार नाहीं असा अभिप्राय दिला. भास्कराचार्यांपाशीं तात्कालिक गतीची कल्पना होती. परंतु कोणत्याहि राशीस लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत त्यांनीं रचिली नाहीं. इतकें मान्य केल्यानें त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, संस्कृत गणितांत वाढलेल्या शास्त्र्यास हा नवा विषय सर्वस्वीं परका वाटण्याचें कारण नव्हतें. राशि, लब्धि, गति, फल हे शब्द त्याच्या घरचेच होते.

त्याच सुमारास दिल्लीच्या मास्तर रामचंद्र ह्यांनीं निराळीच वाट धरिली. परम व नीचतम मूल्यांचे प्रश्न शून्यलब्धीचा आश्रय न घेतां, केवळ बीजगणितानें सोडविणारा त्यांचा ग्रंथ १८५० त कलकत्त्यास निघाला, आणि डी मॉर्गन ह्या नामांकित इंग्रज गणितज्ञानें १८५९ त तो लंडनमध्यें पुन्हां छापविला. हिंदी विद्यार्थ्यांची बीजगणिताकडे जी स्वाभाविक ओढ, तिच्याच आधारानें त्यांस उच्च गणिताकडे न्यावें, हा त्यामागील विचार. एकानें नव्या शास्त्रास जुन्या भाषेचें वस्त्र दिलें, दुसऱ्यानें जुन्या रीतीनें नवे प्रश्न सोडविले. मार्ग दोन असले तरी दोघांचाहि विश्वास एकच होता: विद्यार्थ्याला जें आधीं येतें तेथून आरंभ करावा.

हा विश्वास पुढें टिकला नाहीं. १८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. वरच्या शिक्षणाचें माध्यम इंग्रजी ठरलें, आणि गणिताचे वरचे मजले इंग्रजीच्या हद्दींत गेले. मराठींत गणित लिहिण्याची परंपरा एकाएकीं तुटली असें नव्हे. ऑर्लिबार साहेबांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं १८६० त 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ मराठींत काढिला, आणि लोकमान्य टिळकांसारखे विद्यार्थी डेक्कन कॉलेजांत त्यांच्यापाशीं गणित शिकले. काशीस सुधाकर द्विवेदी ह्यांनीं १८८६ त 'चलनकलन' नांवानें हाच विषय हिंदींत मांडला. परंतु परीक्षा इंग्रजींत, नोकरी इंग्रजींवर, तेव्हां मराठी ग्रंथ विकत घेणार कोण? शून्यलब्धि हा शब्द मागें पडला. आज मराठी ग्रंथांत अवकलन किंवा विकलन असे शब्द आढळतात. ते शास्त्रशुद्ध आहेत, पण त्यांतून विद्यार्थ्याच्या मनांत कोणताहि प्रश्न उभा राहत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, इंग्रजींतूनहि आमचे लोक थोर गणिती झाले. झाले, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ त केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले, ह्याचा अभिमान कोणास नाहीं? परंतु त्या रँग्लरच्या परीक्षेचाच इतिहास पाहावा. वर्षानुवर्षें खासगी शिक्षकांपाशीं युक्त्या घोटून घ्याव्या, ठराविक वेळांत अधिकांत अधिक प्रश्न सोडवावे, असें तिचें स्वरूप झालें होतें. हार्डी ह्यासारख्या गणित्यांनीं तिच्याविरुद्ध मोहीम चालविली, आणि १९०९ नंतर क्रमवारीनें नांवें लावण्याची चाल बंद पडली. युक्ति म्हणजे विद्या नव्हे, हें केंब्रिजलाहि शिकावें लागलें. विद्यार्थ्याची स्वतःची भाषा इंग्रजी असूनहि जेथें ही अडचण आली, तेथें परभाषेंतून शिकणाऱ्या मुलाची अडचण दुप्पट असल्यास नवल काय?

पूर्वीं मॅट्रिक अकराव्या इयत्तेस होई आणि हें शास्त्र कॉलेजांतच भेटे. १९७५ च्या सुमारास दहावी-बारावीची रचना महाराष्ट्रांत आली, तेव्हांपासून तें सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या वांट्यास आलें. १९८१ त रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. आज देवगड, मालवण, वेंगुर्लें, कणकवली येथील कनिष्ठ महाविद्यालयांत शेंकडों मुलें-मुली हा विषय घेतात. बारावीच्या निकालांत कोंकण विभाग सातत्यानें राज्यांत सर्वांच्या वर असतो, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. प्रश्न गुणांचा नाहीं. दहावीपर्यंत मराठींत शिकलेली मुलगी अकरावीच्या विज्ञानशाखेंत पाऊल टाकते, तेथें गणित सामान्यतः इंग्रजींतून. पहिल्याच महिन्यांत तिच्यापुढें गुणाकाराचा नियम, भागाकाराचा नियम, साखळीचा नियम अशीं सूत्रें येतात, आणि तीं पाठ करण्यावांचून तिला गत्यंतर नसतें. बुद्धिमान मूल तीं पाठ करितें, गुणहि मिळवितें; परंतु आपण काय काढलें हें विचारल्यास गप्प बसतें.

वास्तविक ह्या सूत्रांपैकीं एकहि असें नाहीं कीं जें ह्या किनाऱ्यावरच्या मुलास त्याच्याच अनुभवांतून समजावून देतां येणार नाहीं. गुणाकाराच्या नियमास दोन पदें कां? कुणगा चौरस नसून लांबट असला, आणि लांबी-रुंदी दोन्ही वाढल्या, तरी पट्ट्या दोनच लागतात. त्या पट्ट्या म्हणजेच तीं दोन पदें. साखळीच्या नियमांत वेगांचा गुणाकार कां? पहिल्या चाकाच्या एका फेऱ्यास दुसरें चाक तीन फेरे घेतें, आणि दुसऱ्याच्या एका फेऱ्यास तिसरें दोन. तर पहिल्याच्या एका फेऱ्यास तिसऱ्याचे सहा, हें दातेरी रहाट पाहिलेल्यास सांगावें लागत नाहीं. भागाकाराच्या नियमांत ऋण चिन्ह कोठून आलें? ह्यास रापणीसारखें उदाहरण नाहीं. रापण ओढून झाल्यावर मिळालेल्या मासळीचे ओढणारांत वांटे पडतात. मासळी वाढली तर प्रत्येकाचा वांटा वाढतो; वांटेकरी वाढले तर वांटा घटतो. दोन्ही एकाच वेळीं वाढत असतील तर पहिल्यापासून होणाऱ्या लाभांतून दुसऱ्यापासून होणारी तूट वजा केलीच पाहिजे. तें ऋण चिन्ह म्हणजे नव्या वांटेकऱ्यांनीं खाल्लेला भाग होय. इतकें समजल्यावर सूत्र पाठ करण्यास मुलास किती वेळ लागेल?

ह्यावर शिक्षकांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि तें अगदींच टाकाऊ नाहीं. अभ्यासक्रम लांब, तासिका मोजक्या, परीक्षेंत प्रश्न सूत्रांवर; कुणगे आणि रापणी सांगत बसलों तर पुस्तक पुरें व्हावयाचें केव्हां? शिवाय सराव हाहि विद्येचाच भाग आहे. पाढे न येतां हिशोब करतां येत नाहीं, तशीं सूत्रें जिभेवर असल्यावांचून पुढचें गणित चालत नाहीं. १९१० त सिल्व्हेनस थॉम्प्सन ह्यानें ह्या विषयावर जें सुलभ इंग्रजी पुस्तक लिहिलें, त्यानेंहि पंडिती काटेकोरपणा बाजूस ठेवून विद्यार्थ्यास लवकर कामास लाविलें, आणि तें पुस्तक आजहि वाचिलें जातें. हें सर्व आम्ही मान्य करितों. आमचें म्हणणें केवळ क्रमाविषयीं आहे. पाढा पाठ करण्यापूर्वीं चार चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडून दाखवितात, मग पाठांतर. त्याचप्रमाणें सूत्र येण्यापूर्वीं आठवडाभर तरी शून्याकडे जाणाऱ्या दोन राशींची लब्धि मुलास स्वतःच्या हातानें, आंकड्यांनिशीं काढूं द्यावी, आणि ती चर्चा त्याच्या भाषेंत व्हावी. परीक्षेची भाषा इंग्रजी आहे तर सूत्रें इंग्रजींतच लिहावींत. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु अर्थ समजण्याची भाषा परीक्षामंडळ ठरवीत नसतें.

बाळशास्त्र्यांनीं 'दर्पण' इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत काढिलें, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इंग्रजीचा त्यांस द्वेष नव्हता. तिच्यांतलें ज्ञान आपल्या लोकांच्या हातीं पडावें, ह्यासाठींच ते ती शिकले व त्यांनीं ती शिकविली. पोंभुर्ल्याच्या स्मारकाकडे शाळांच्या सहली नेण्याची कल्पना चांगली आहे. पण देवगड-मालवणकडील एकाद्या गणिताच्या शिक्षकानें पुढच्या जून महिन्यांत फळ्यावर पहिलें सूत्र लिहिण्यापूर्वीं 'शून्यलब्धि' हा शब्द लिहावा, आणि मुलांस विचारावें कीं शून्याला शून्यानें भागिलें तर काय येईल. वर्गांत जो गलका होईल तो होऊं द्यावा. त्या गलक्यांत जीं उत्तरें येतील त्यांतलीं बहुतेक चुकीचीं असतील. पण तीं मुलांचीं स्वतःचीं असतील, आणि गणित शिकविण्यास तेथूनच आरंभ होतो.